आधी पोराचं नाव घ्या

भंडारदऱ्याच्या खाली, प्रवरेच्या काठावरच्या एका गावात यात्रेचा हगामा बघत बसलो होतो. नगरकडे कुस्त्यांच्या मैदानाला हगामाच म्हणतात. रेवड्यांवरच्या कुस्त्या उरकल्या, नारळाच्या झाल्या, पैशांच्या जोडी लागायला सुरुवात झाली आणि भोंग्यावरून आवाज आला, "आता मैदानात येतोय सुप्रसिद्ध पैलवान अमक्यांचा मुलगा!" बापाचं नाव तीनदा घेतलं. बापाने कोणत्या गावच्या यात्रेत कोणाला आस्मान दाखवलं, तेही सांगून झालं. फेटा बांधलेला बाप उठून उभा राहिला, हात जोडून खाली बसला. टाळ्या पडल्या.

पोराचं नाव कोणीच घेतलं नाही.

सलामी झाली. थोडी खडाखडी झाली. समोरच्याने पट काढला, घिस्सा मारला आणि पोराची पाठ मातीला लागली. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. माझ्या शेजारचे म्हातारबाबा मांडीवर हात आपटून म्हणाले, "बापाचं नाव घालीवलं की रं."

पंधरा वर्षांचं पोर! त्याने कोणाचं नाव घालवलं? स्वतःचं तर त्याला कोणी दिलंच नव्हतं.

या आठवड्यात माझं भांडण त्या भोंग्याशी आहे. भोंगा हातात धरणाऱ्याशी, जोड लावणाऱ्या यात्रा कमिटीशी आणि मांडीवर हात आपटणाऱ्या आपल्या सगळ्यांशी.

नामांकित पैलवानाच्या घरी जन्मलेल्या पोराला आयतं मिळतं, असं आपण समजतो. काही गोष्टी खरंच मिळतात. तालमीचं दार उघडं असतं. खुराक म्हणजे काय, दूध किती, बदाम किती, कोणत्या वयात किती जोर आणि किती बैठका, हे सांगणारं माणूस घरात असतं. कान सुजला तर कोणाकडे न्यायचं, गुडघा निसटला तर किती दिवस मातीत उतरू द्यायचं नाही, हे बापाला ठाऊक असतं. गरिबाच्या पोराला हे सगळं ठेचा खात शिकावं लागतं. तेवढं मी मान्य करतो.

पण आपण त्याच्याकडून काय काढून घेतो? गुपचूप हरायचा हक्क. कुठलाही पैलवान हरत हरत घडतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी दहा मैदानांत पाठ लागते तेव्हा कुठे मान कशी वाचवायची हे अंगात मुरतं. बिननावाचं पोर हरलं तर अंग झाडून भेळ खायला जातं. नाववाल्याचं हरलं तर गावभर चर्चा होते. त्यात कमिटीही हात धुऊन घेते. बापाच्या नावावर गर्दी जमते म्हणून पोराची जोड त्याच्या ताकदीच्या वरची लावतात. बापाने ज्यांना एके काळी पाडलं त्यांचे पठ्ठे मुद्दाम ताव खाऊन समोर येतात. चार हिशेब चुकते करायला आलेल्या माणसांपुढे आपण एक कोवळं पोर उभं करतो आणि वर म्हणतो, वाघाचा बच्चा आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बाप ज्या खेळात मोठा झाला, तो खेळ पोराच्या वाट्याला आलेलाच नसतो.

दादू चौगुले घ्या. राधानगरीकडच्या अर्जुनवाड्याचे, कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडलेले. 1970 आणि 1971 अशी दोन वर्षं लागोपाठ महाराष्ट्र केसरी. 1973 मध्ये रुस्तुम-ए-हिंद. 1974 मध्ये ख्राइस्टचर्चला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. हे नाव घेऊन त्यांचा मुलगा विनोद आखाड्यात उतरला. बापाच्या पहिल्या गदेनंतर तीस वर्षांनी, 2000 साली, विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे हिंदकेसरीही. एका घरात बाप आणि लेक दोघांच्या खांद्यावर ही गदा आली. तरी लोक हिशेब काय मांडतात? बापाची दोनदा, पोराची एकदाच. मधल्या तीस वर्षांत खेळ किती बदलला, ते कोणी मोजत नाही. बोटांवर मोजून तुलना करायची ही खोड कोणत्या मातीतून आली, देव जाणे.

लाल मातीच्या जुन्या निकाली कुस्तीत घड्याळ नव्हतं. दोघं अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात टाकून दम जोखायचे. ज्याचा श्वास आधी फुटला, त्याची पाठ लागायची. ताक, तेल, हळद घालून मुरवलेली ती माती पायाला धरून ठेवायची. गादीवर तसं काही नाही. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. पाय धरून गुण घ्यायचा, वर्तुळाबाहेर ढकलून गुण घ्यायचा. फ्रीस्टाइलला दहा गुणांची आघाडी झाली की चितपट न करताही कुस्ती संपते. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून आपण मधला रस्ता काढला, पण देशाबाहेर जायचं तर गादीच. बापाचा दम इथे कामाला येतो. बापाची चाल येईलच असं नाही. बाप ढाकेचा बादशहा, पोराचे पाय लांब, अंग सडपातळ, त्याला टांग आणि भारंदाज शोभणार. तरी कडेला बसलेले ओरडतात, "ढाक लाव, ढाक! बापासारखी!" पोरगा त्या ओरडण्याला भुलून न जमणारा डाव टाकतो आणि स्वतःच अडकतो. हे मी एका मैदानात नाही, अनेक मैदानांत पाहिलंय.

अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत 1996 साली असंच घडलं होतं. ड्वेन जॉन्सन नावाचा तिसऱ्या पिढीचा मल्ल पुढे आणला गेला. वडील रॉकी जॉन्सन, आजोबा पीटर मायविया, दोघं नामांकित. मालकांनी दोघांची नावं जोडून पोराला रॉकी मायविया केलं. काही महिन्यांत प्रेक्षकच हुर्यो करायला लागले. मग त्याने वारशाचं ते जोडनाव टाकून दिलं, स्वतःची बोली, स्वतःचा राग घेऊन उभा राहिला आणि 'द रॉक' झाला. तिकडची कुस्ती आधी ठरवलेली असते, आपली नसते, हा फरक मोठा आहे. पण तिथल्या धंदेवाल्यांना दोन वर्षांच्या आत कळलं ते आपल्या कमिट्यांना अजून कळलेलं नाही.

आता याच अकोले तालुक्यातलं कोंभाळणे बघा. भंडारदरा पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात. त्या गावचा हर्षवर्धन सदगीर. राज्याला ठाऊक असलेल्या कोणा बापाचं नाव त्याच्या पाठीशी नव्हतं. तो भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत गेला, तिथून पुण्यात काका पवारांच्या तालमीत. 7 जानेवारी 2020 ला बालेवाडीत त्याने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. स्पर्धेत त्याच्या नावापुढे जिल्हा मात्र नाशिक लागला होता. याबद्दल आपल्या नगर जिल्ह्याने थोडा वेळ मान खाली घालायला हरकत नाही. पोर अकोल्याचं, आणि तालीम शोधायला त्याला घाट उतरून जावं लागलं. (त्याच महिन्याच्या शेवटी, त्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री जाहीर झाली. एका महिन्यात एका आदिवासी गावाने राज्याला दोन मोठी माणसं दिली. पर्यटनाच्या कुठल्या फलकावर हे वाचायला मिळतं?)

त्या अंतिम कुस्तीत दोघंही एकाच वस्तादाचे पठ्ठे होते. निकाल लागल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेतलं. गदा मिळालेल्याने हरलेल्याला उचलून मैदानात फिरवायचं, हे संस्कार तालमीचे. काका पवार स्वतः हरिश्चंद्र बिराजदारांचे पठ्ठे. बिराजदार म्हणजे 1970 च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण. तेव्हा सदगीरही एका अर्थाने वारसदारच, आणि त्याची पिढी तिसरी. कुस्तीत वंश रक्तापेक्षा वस्तादाकडून जास्त चालतो, आणि पठ्ठा हरला म्हणून वस्तादाचं नाव बुडालं असं कोणी म्हणत नाही. मग बापाचंच तेवढं कसं बुडतं?

फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र केसरी आपल्याच अहिल्यानगरात झाली. मुळशीचा पृथ्वीराज मोहोळ जिंकला. त्याचे वडीलही पैलवान. पण त्या वर्षी उपांत्य कुस्तीतला पंचांचा निर्णय, अंतिम कुस्तीतला वाद आणि पैलवानांचं निलंबन यांचाच धुरळा एवढा उडाला की जिंकणाऱ्या पोराच्या कुस्तीबद्दल धड कोणी बोललंच नाही. त्याच्याही आधी, त्याच वर्षी, श्रीगोंद्याची भाग्यश्री फंड महिला महाराष्ट्र केसरी झाली. तिलाही कुस्ती घरातूनच, वडिलांकडून मिळालेली. लेक असल्यामुळे तिच्यापुढे एक भिंत जास्त होती. ज्या मैदानांच्या कडेला बाया उभ्यासुद्धा राहत नव्हत्या, त्या मातीत तिला उतरायचं होतं. तिथे बापाचं मोठेपण सुरुवातीला उपयोगी पडलं असेल, पण समोरची खाली पाडायची ती तिनेच.

भंडारदरा धरणाच्या भिंतीवरून पाणी बघताना मला नेहमी एक गोष्ट आठवते. विल्सन साहेबाच्या नावाचं हे धरण 1926 ला पुरं झालं आणि जलाशयाला आर्थर साहेबाचं नाव मिळालं. आता त्या पाण्याला राघोजी भांगरे यांचं नाव आहे. राघोजी याच मुलखातले, देवगावचे. 2 मे 1848 ला ठाण्यात फाशी गेले. त्यांचे वडील रामजी भांगरे यांनीही इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं होतं. म्हणजे राघोजीसुद्धा एके काळी 'रामजींचा मुलगा' होते. आज इथल्या कोणत्याही वाडीत विचारा, लोक 'राघोजींचे वडील रामजी' असं सांगतील. वाक्य उलटलं.

खाशाबा जाधवांच्या बाबतीतही हेच. कराडजवळच्या गोळेश्वरचे दादासाहेब जाधव त्या पट्ट्यातले नावाजलेले पैलवान. त्यांच्याच हाताखाली धाकटा खाशाबा मातीत लोळायला शिकला. 1948 ला लंडनला तो सहावा आला. 1952 ला हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन परतला. आता दादासाहेब हे खाशाबांचे वडील. आणि त्याच घरातली तिसरी पिढी? खाशाबांचे चिरंजीव रणजित जाधव वडिलांना पद्म पुरस्कार मिळावा म्हणून वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत आले. खाशाबा 1984 ला गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला 2000 साली. मुलाच्या वाट्याला आलेली ही कुस्ती कुठल्याही मातीतल्या कुस्तीपेक्षा लांब चालली आहे आणि तिथे पंच शिट्टी वाजवायलाच तयार नाहीत.

वाक्य उलटायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपण पोरांना द्यावा, एवढंच माझं मागणं. यात्रा कमिट्यांना खर्च काही नाही. भोंग्यावर आधी पोराचं नाव, मग गाव, मग वस्ताद. बापाचं नाव घ्यायचंच तर कुस्ती संपल्यावर घ्या, जिंकला तरी आणि हरला तरी. आणि जोड लावताना वजन बघा, वय बघा, आडनाव बघू नका.

हगामा सुटल्यावर ते पोर हापशावर मान धूत होतं. केसांतली माती निघता निघत नव्हती. बाप थोडा लांब उभा होता, हातात पोराचा सदरा धरून. मी पोराला नाव विचारलं. त्याने आधी बापाचं सांगितलं. सवयच लागलेली. म्हटलं, "तुझं रे." तेव्हा त्याने सांगितलं, आणि कोणता डाव चुकला तेही सांगितलं. पट निघाला तेव्हा पाय मागे टाकायला उशीर झाला, म्हणाला. बाप लांबूनच बोलला, "बराबर हाय त्याचं."

पोर लहान आहे म्हणून ते नाव मी इथे छापत नाही. पुढच्या चैत्रात भोंगेवाल्याला चिठ्ठीवर लिहून देणार आहे.