पाव मिलिमीटरचे जहागीरदार

इंग्लंडात नोव्हेंबरातल्या रात्री कुणाच्या परसातल्या लाकडी खोपटात दिवा जळताना दिसला, तर आत बहुधा एक निवृत्त गृहस्थ असतात. नाकावर एकावर एक असे दोन चष्मे, एका हातात बोटाएवढी कानस, दुसऱ्या हातात चिमटा, आणि चिमट्यात धरलेलं काहीतरी, जे खाली पडलं तर उरलेली रात्र जमिनीवर रांगण्यात जाणार. गृहस्थ आगगाडीचं इंजिन बनवत असतात. त्याला खेळणं म्हणायचं नाही. म्हटलंत तर चहा मिळत नाही.

हा फाइनस्केलवाला. ओळखायची खूण सोपी आहे. इंजिन चालतं का, असं विचारलं की त्याचा चेहरा पडतो. कुठं अडतं, असं विचारलं की खुर्ची पुढे सरकते.

त्याचं दुखणं समजायला थोडा इतिहास लागतो. ब्रिटनमध्ये घरगुती मॉडेल सहसा फुटाला 4 मिलिमीटर या मापानं करतात, म्हणजे खऱ्याच्या 76.2 पट लहान. रूळ मात्र 16.5 मिलिमीटर अंतरावर. ते अंतर खरं म्हणजे 3.5 मिलिमीटरच्या मापाचं. पण ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगानं बारीक, त्या मापात जुन्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात मावेनात. तेव्हा इंजिनाचं अंग वाढवलं आणि रूळ होते तेच ठेवले. खरे रूळ 4 फूट साडेआठ इंचांवर असतात, हे झाले 4 फूट दीड इंचावर. याला ओओ म्हणतात, आणि बहुतेक जनता त्यावर सुखानं गाड्या पळवते. ज्यांच्या मनाला हे टोचलं, ते 18.2 मिलिमीटरवर गेले. तो ईएम पंथ. आणि 1966 साली कडव्यांतल्या कडव्यांनी पी-फोर काढला: 18.83. त्यातले शेवटचे तीन शतांश कुणी बोलताना गाळले, तर पी-फोरवाला थांबवून दुरुस्त करतो. ओओवाल्याशी तो प्रेमानं वागतो, पण त्या प्रेमात दशम्या-धपाट्यांच्या घरात बिस्किटं आणणाऱ्या पाहुण्याबद्दलचं प्रेम असतं.

आता गंमत अशी, की चाकं खऱ्या जागी नेली की अडचणीही खऱ्या मापाच्या होतात.

सिलिंडरातला दट्ट्या पुढेमागे होतो, त्याच्या दांड्याच्या टोकाला क्रॉसहेड असतं, ते स्लाइडबारवर घसरत जातं-येतं. नेमकी त्याच्या पाठीमागूनच पुढच्या चाकाची क्रँकपिन फिरते. पिनेवर चाकं एकमेकांना जोडणारा कपलिंग रॉड, आणि रॉड निसटू नये म्हणून वर नट. खऱ्या इंजिनात तिथं अर्ध्या इंचाची फट धरली, तर मॉडेलात ती होते 0.17 मिलिमीटर. ओओवाल्याची चाकं आत दडलेली, त्याला हा प्रश्न फारसा भेडसावतच नाही. म्हणजे अचूकपणाच्या हौसेपायी या माणसानं होती ती जागाही घालवली, आणि आता तीच परत मिळवायला हिवाळा खर्ची घालतोय.

त्यात वळणाचा घोळ. माळ्यावर रूळ टाकायचे तर वळण तीनेक फूट त्रिज्येचं. खऱ्या मापात हे जेमतेम 70 मीटर झाले. असल्या वळणावर खरं एक्स्प्रेस इंजिन घातलं तर ते शेतात जाईल. मॉडेलानं मात्र निमूट वळायचं. त्यासाठी चाकांना डावी-उजवीकडे हलायला मोकळीक द्यायला हवी, आणि ती मोकळीक त्या 0.17 मधूनच वजा होणार. आमच्या डर्बीच्या गल्लीतल्या एका आजोबांचं ठाम मत आहे, की बायकोनं माळ्याची एक भिंत पाडू दिली असती तर त्यांच्या ‘ब्लॅक फाइव्ह’ जातीच्या इंजिनाचं क्रॉसहेड कधीच अडलं नसतं. आजी म्हणतात, भिंत पाडली असती तर हे बागेपर्यंत आले असते.

अडतंय कुठं, हे शोधण्याची त्यांची रीत बघण्यासारखी. क्रॉसहेडच्या पाठीला काळ्या मार्करचा हात मारायचा, मोटर काढून ठेवून चाक बोटानं सावकाश फिरवायचं, मग भिंगातून बघायचं शाई कुठं खरवडली आहे ते. आजोबा कधी ओढत नाहीत, पण सिगारेट वळायच्या पातळ कागदाचं पाकीट कायम खिशात. त्याचा एक तुकडा फटीत सरकवून बघायचा: गेला तर ठीक, अडकला तर पुन्हा कानस. त्याच कागदाला तेल लावून तो रॉड आणि वायसर यांच्यामध्ये ठेवतात, म्हणजे पिनेवर वायसरला डाख लावताना तो आत झिरपून रॉड कायमचा जखडत नाही. नटाऐवजी पातळ वायसर बसवला की अर्धी लढाई जिंकली. मग पुढच्या चाकांची हालचाल वायसर घालून बंद करायची आणि ती मोकळीक मधल्या चाकांना द्यायची. मधल्यांच्या समोर कुणी आडवं येत नाही.

एवढं करूनही भागत नाही तेव्हा पापपुण्याचा प्रश्न येतो. फाइनस्केलवाल्याचं धर्मशास्त्र याबाबतीत स्पष्ट आहे. स्लाइडबार मागून घासणं चालतं. रॉडची पाठ घासणं चालतं. ब्रेकचा ठोकळा धातूच्या धावेला टेकून शॉर्ट होतो म्हणून तो प्लास्टिकचा करणंही चालतं. पण सिलिंडर पाव मिलिमीटर बाहेर सरकवणं म्हणजे समोरून दिसणारं पाप. ते बहुतेकांनी केलेलं असतं, आणि दोन पेल्यांनंतर, आवाज खाली आणून, फक्त दुसऱ्या पी-फोरवाल्यापाशी कबूल करायचं असतं. ऐकणाराही दचकल्यासारखं करतो. माझ्या मते ते त्यानंही केलेलं असतं.

खऱ्या इंजिनवाल्यांनीच काही तडजोड केलेली सापडली, तर मात्र घरात सण. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं 1927 साली ‘किंग’ इंजिनं काढली, चार सिलिंडरची: दोन आत, दोन बाहेर. इंजिनाच्या पुढे लहान चाकांचा जो गाडा असतो, त्या बोगीच्या पहिल्या आसाची बेअरिंगं आत ठेवली तर आतले सिलिंडर आडवे येत. दुसऱ्याची बाहेर ठेवली तर बाहेरचे. मग स्विंडनच्या, म्हणजे त्या रेल्वेच्या कारखान्यातल्या लोकांनी पहिल्याची बाहेर आणि दुसऱ्याची आत ठेवली, आणि बोगी विचित्र दिसली तरी दिसू दिली. आजोबा ही हकिगत सुप्रीम कोर्टाच्या निकालासारखी सांगतात. तात्पर्य अर्थात त्यांच्या सोयीचं: स्विंडनला अडत होतं, मग मला अडलं तर नवल काय!

मी मूळचा ठाण्याचा, हे त्यांना कळलं तेव्हा ते माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघून म्हणाले, “बावीस!”

मला वाटलं घराचा नंबर विचारतायत. पण त्यांनी वहीच काढली. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 21 मैल. इंजिनं न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीची. पुढे आठ दशकांनी त्याच कारखान्यानं काही ब्लॅक फाइव्हही बांधली, म्हणजे ठाणे आणि त्यांचं खोपट यांचं नातं लागलं. पण त्यांचा आनंद वेगळाच होता. आपला रूळमार्ग 5 फूट 6 इंचांचा. फुटाला 4 मिलिमीटरनं ते भरतात बरोब्बर 22. दशांश नाही, शतांश नाही. “तुमचे लोक फार सुखी असतील,” ते म्हणाले. ठाण्याच्या सकाळी 8 वाजताच्या लोकलबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही.

यंदा मार्चमध्ये ब्लॅक फाइव्ह एकदाचं मोकळं झालं. वळणावर, उलटसुलट, कागदाचा तुकडा सगळीकडून आरपार. आजींनी केक केला. आजोबांनी सगळं सुटं करून प्रायमर मारला, वर काळा रंग दिला, वाळवला, जोडला आणि चाक फिरवलं. अर्ध्या फेरीत ‘टक’.

क्रॉसहेडच्या पाठीवर रंग, रॉडवर रंग. रंगालाही जाडी असते, आणि ती नेमकी त्या कागदाएवढी निघाली. मी काय सांत्वन करावं या विचारात होतो. आजोबा तोवर दुसरा चष्मा चढवून कानस शोधायला लागले होते, आणि गेल्या कित्येक आठवड्यांत दिसले नव्हते इतके टवटवीत दिसत होते.

“रंग खरवडायला हवा,” ते म्हणाले. “फक्त मागून हं.”