घड्याळानं पाठ थोपटली

आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी परवा सोफ्यावर पडून चाळीस मिनिटं व्यायाम केला. मी प्रत्यक्षदर्शी आहे. मेंटेनन्सची पावती द्यायला गेलो होतो. चिरंजीव लोळत होते, पोटावर वेफर्सचं पाकीट होतं आणि बाल्कनीतून ओलं गवत पेटवल्यासारखा वास येत होता. तेवढ्यात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. त्यांनी हात माझ्या नाकापुढे धरला. काचेवर फटाके फुटत होते. शाब्बास, आजचं उद्दिष्ट पूर्ण!

मला घड्याळाचा राग नाही. व्यायामाची मिनिटं मोजताना ते बिचारं नाडीवर फार भरवसा ठेवतं. ठोके वाढले की माणूस पळतोय, असा त्याचा समज होऊ शकतो. आणि गांजाची गंमत अशी की, झुरका मारल्यावर काही मिनिटांतच बसल्या जागी ठोके मिनिटाला 20 ते 50नी वाढू शकतात. चिरंजीवांची नाडी एरवी 78, आता 124. घड्याळाला वाटलं, पोरगं पर्वती चढतंय.

एकदा हा हिशेब मान्य केला की मग देशात खेळाडूंचा तुटवडा राहत नाही. दहावीच्या निकालाचं पान उघडत नाही म्हणून बोटं मोडत बसलेली आई, ओटीपी येईना म्हणून बँकेच्या काउंटरवर ताटकळलेले पेन्शनर, मीटरनं येतो का असं रिक्षावाल्याला विचारून उत्तराची वाट पाहणारा पाहुणा, संपादकांचा फोन पाहून पलंगाखाली शिरणारा सदरलेखक, ही सगळी मंडळी रोज शर्यत पळतात आणि यांना कोणी साधा बिल्लाही देत नाही. सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला तिसऱ्यांदा तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसलेल्या शेतकऱ्याला तर थेट ऑलिंपिकलाच पाठवायला हवं. पायरीवरून न उठता तो पदक आणेल. फक्त त्याच्या मनगटावर चाळीस हजारांचं घड्याळ नाही, म्हणून त्याच्या छातीतल्या धडधडीला व्यायाम न म्हणता रक्तदाब म्हणतात आणि गोळी लिहून देतात.

"काका, मी ओढत नाही, डोस घेतो," चिरंजीव म्हणाले. "आणि हे नैसर्गिक आहे."

धोतराही नैसर्गिक आहे, पण ते असो. चिरंजीवांचा अभ्यास दांडगा. त्यांनी मला सांगितलं की, माणूस पळाला की शरीर स्वतःच गांजासारखं एक रसायन तयार करतं. खरं आहे. 1992 साली ते सापडलं तेव्हा शोधणाऱ्यांनी चक्क संस्कृतातून 'आनंद' उचलून त्याचं नाव ॲनंडमाइड ठेवलं. दम लागेल असा अर्धा तास पळालं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे माल घरचा, फुकट आणि पोलिसांना न सापडणारा. मग बाहेरून कशाला आणतोस रे, असं मी विचारलं. चिरंजीव बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. बहुधा 'पळालं की' हा भाग त्यांनी वाचला नव्हता.

बरं, कामगिरी तरी सुधारते का? 1986 सालच्या एका प्रयोगात 12 धडधाकट तरुणांना सायकलवर दमेपर्यंत पिटाळलं. एरवी ते सरासरी 16 मिनिटं टिकले, गांजा ओढून 15. हृदय आधीच धावत सुटलेलं, त्यामुळे पाय चालायला लागेपर्यंत त्याची धाव संपत आलेली. अमेरिकेतला 2023चा प्रयोग तर मला फारच आवडला. 42 धावणारी माणसं, ट्रेडमिलवर अर्धा तास. गांजा ज्यानं त्यानं आपापल्या घरी घ्यायचा आणि मग धावायला गाडीत बसून यायचं! गांजा घेऊन धावताना मजा जास्त आली, असं त्यांनी सांगितलं. ज्यांच्या मालात टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य जास्त होतं त्यांनी असंही सांगितलं की, धावणं जास्त जड गेलं. चिरंजीवांनी यातलं पहिलं वाक्य छापून फ्रिजवर चिकटवलंय. गेल्या अर्धमॅरेथॉनमध्ये आठव्या किलोमीटरला ते रिक्षात बसले, तेव्हाही मजा आलीच होती. घड्याळानं त्या दिवशी आयुष्यातला सर्वोत्तम वेग नोंदवला.

इथवर मी हसत होतो. पण जिन्यातल्या वासावरून गेल्या महिन्यात कमिटीची बैठक झाली, ती आठवली की हसू येत नाही. नाक सगळ्यांना होतं. वास तिसऱ्या मजल्यावरून येतोय हे लिफ्टमधल्या पोरांनाही ठाऊक होतं. चर्चा मात्र कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली आणि तळमजल्यावर वॉचमन मामांच्या खोलीशी येऊन थांबली. "दिसतोच गंजेडी," एक बाई म्हणाल्या. मामांना खिसे उलटे करायला लावले. निघाली तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि नातीचा फोटो. तरी मामांना काढायचा ठराव झाला, एकमतानं. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस रात्रीत सहा फेऱ्या मारायचा, पहाटे चारला टाकीतलं पाणी बघायला गच्चीपर्यंत चढायचा, उतरून पंप लावायचा, म्हाताऱ्यांची गॅसची सिलेंडरं खांद्यावरून वर न्यायचा. त्याची नाडी कोणी मोजली नाही. गांजा ओढल्याबद्दल कायद्यात 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलंय, त्यात मजल्याचा उल्लेख नाही. मजले आम्ही घातले. तळमजल्यावर तो गांजा असतो, तिसरा येईस्तोवर त्याची रिकव्हरी होते. आणि मी फार तावातावानं बोलू नये हेच बरं, कारण त्या बैठकीचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. पावत्याही मीच फाडतो. तिसऱ्या मजल्याचा मेंटेनन्स वर्षाचा आगाऊ येतो, एवढंच सांगतो.

काल दुपारी लिफ्ट बंद पडली. चिरंजीव पार्सल घ्यायला खाली उतरले होते, ते परत चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसले. नवा वॉचमन पोरगेलासा आहे, तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत पाणी घेऊन वर धावला. पार्सलही त्यानंच उचललं. चिरंजीवांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि घड्याळ थरथरलं.