निवृत्त चाकरमान्याचं परडं

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, फणसाचे गरे खाता खाता परतीच्या तिकिटाची चिंता करणारा रजेवरचा चाकरमानी. दुसरा, परतीचं तिकीटच न काढलेला, म्हणजे निवृत्त चाकरमानी. पहिल्याला गाव आवडतं. दुसऱ्याला ते सुधारायचं असतं.

मुंबईत पस्तीस वर्षं फायली हलवून तो गावी येतो, घराला रंग काढतो आणि रंगाचे डबे रिकामे झाले की त्याची नजर मागच्या परड्यावर जाते. दुसऱ्याच दिवशी कुरियरने गमबूट, फवारणीचा पंप आणि उन्हाची टोपी येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वाणांची नावं त्याला तोंडपाठ असतात: पडवळ 'कोकण श्वेता', कारलं 'कोकण तारा'. कुदळ मात्र शेजारच्या काकींकडून मागून आणावी लागते.

काकी रोहिणी नक्षत्राची वाट बघत असतात. 25 मेच्या सुमाराला रोहिणी लागतं, तेव्हा त्या आळी खणतात, माती उन्हात तापू देतात आणि मृगाचा अंदाज घेऊन बी टोचतात. निवृत्त चाकरमान्याला एवढा दम कुठला? तो भर उन्हात बी टाकतो आणि तळ दिसणाऱ्या विहिरीतून पाणी काढायला बायकोला लावतो. "गावात येऊन आराम करायचा होता ना आपल्याला?" असं ती एकदाच विचारते. पुढे घागरीच बोलतात.

रोपं बोटभर झाली की याला खताचा झटका येतो. पोल्ट्रीतून ताज्या कोंबडखताची गोणी येते आणि रोपांच्या बुडाशी मुठीमुठीने पडते. ताजं कोंबडखत गरम. त्यातला अमोनिया कोवळी मुळं जाळतो, म्हणून जाणती माणसं ते आधी कुजवतात. चार दिवसांत 'कोकण श्वेता' पिवळी पडते आणि 'कोकण तारा' अस्ताला जाते. खत विकत कशाला, घरचंच हवं, हा धडा घेऊन तो कोंबड्यांकडे वळतो.

त्याच सुमारास मोटारसायकलवर जाळीचे खोके बांधून पिल्लंवाला येतो. हिरवी, गुलाबी, जांभळी पिल्लं! हा एक डझन घेतो. अशी रंगवलेली पिल्लं बहुधा हॅचरीत अंडी देणाऱ्या जातीतून बाजूला काढलेले नर असतात, हे अख्ख्या वाडीला ठाऊक असतं. कुणी बोलत नाही. पावसाळ्यात वीज जाते, टीव्ही बंद असतो, करमणुकीला काहीतरी हवंच.

मग उघडते वही. पानावर पट्टीने आखलेले रकाने: आवक, जावक, शिल्लक, शेरा. "आवक 12." पुढच्या आठवड्यात "जावक 1, घार." त्याखाली "जावक 1, मुंगूस (संशयित), चौकशी चालू." सातव्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून मानमोडीवरची लासोटा लस येते आणि प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एकेक थेंब पडतो. तारीख, वेळ, सही. वाडी कुंपणावरून पोट धरून हसते.

अंड्याचं कवच मजबूत व्हावं म्हणून हा खाद्यात शिंपल्यांचा चुरा घालतो. मृगात दुसऱ्यांदा टाकलेलं बी उगवतं, ते पिल्लं उकरून टाकतात. भाजी आणि कोंबड्या एकाच कुंपणात ठेवायच्या नसतात, हे वहीत जुलैमध्ये नोंदवलं जातं, लाल शाईने. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना हा दिवाळीत गावठी अंडी पाठवायचं कबूल करतो. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला परड्यातून पहिली बांग येते. मग दुसरी. मग दहाही जण एका सुरात.

"काकी, अंडी कधी घालतली गे?"

"खयसून घालतली? सगळे कोंबे ते."

"मगे आदी कित्याक सांगलंस नाय?"

"तू इचारलंस खंय?"

सगळी गोम या तीन शब्दांत आहे. हा कृषी विद्यापीठाला फोन करतो, व्हिडिओ बघतो, पंचायत समितीत अर्ज देतो. कुंपणापलीकडे सत्तर वर्षांची पदवीधर बसलेली असते, तिला मात्र विचारत नाही.

पण निकाल एकतर्फी लावू नये. पुढच्या उन्हाळ्यात वाडीत मानमोडी येते. माना वाकड्या होऊन कोंबड्या पटापट पडतात. काकींचं खुराडं दोन दिवसांत रिकामं होतं, याचे कोंबडे मात्र छाती काढून बांग देत असतात. आठवड्याभराने काकी पदराखाली सहा पिल्लं घेऊन येतात आणि दुसरीकडे बघत म्हणतात, "तां थेंबाचा काय ता माझ्या पिलांकव घाल." हा वही उघडतो आणि नवं पान आखतो.

तेव्हा वाचकहो, यंदा परडं करणार असाल तर रंगीत पिल्लं घेऊ नका, कोंबडखत कुजवून घाला, वाफ्याला कुंपण आधी करा आणि लासोटा पहिल्याच आठवड्यात द्या. बाकीचं काकींना विचारा. फुकट सांगतात, पण विचारावं लागतं.