घरगुती इंटरनेटचा वेग आणि गृहस्थाची प्रतिष्ठा

चार माणसांच्या कुटुंबाला इंटरनेटचा किती वेग लागतो, हे प्राथमिक शाळेतील बेरजेने सांगता येते, आणि बहुधा म्हणूनच ती बेरीज करण्याच्या भानगडीत कोणी सुशिक्षित माणूस पडत नाही. वेगाचे एकक एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष बिट वाहतात त्याचे माप होय. नेटफ्लिक्ससारखी कंपनी फोर-के, म्हणजे अत्यंत रेखीव प्रतीच्या चित्रासाठी १५ आणि फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस वेग सुचवते; व्हिडिओ कॉलचे तर चांगल्या प्रतीतही चारेक एमबीपीएसमध्ये भागते. तेव्हा घरातील एक व्यक्ती फोर-के मालिकेत गढलेली, दुसरी ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलेली, तिसरी ऑनलाइन क्लासला बसवलेली आणि चौथी मिसळीच्या कटाचे व्हिडिओ पाहण्यात रमलेली, असा योग एकाच घटकेला जुळून आला, तरी बेरीज तिसाच्या आत राहते. प्रस्तुत लेखकाच्या कोथरूड येथील दोन बेडरूमच्या घरात ३०० एमबीपीएसची जोडणी आहे. उरलेल्या सुमारे २७० एमबीपीएसचे नेमके काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

शासनाची गरजेविषयीची कल्पना प्रथमपासूनच साधी राहिली आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मोडेम, म्हणजे संगणकाचे बोलणे टेलिफोनच्या तारेवरून नेण्याजोगे करणारे यंत्र, किंचाळत किंचाळत जोडणी करी आणि ती असेतो घरचा फोन बंद राही. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा जेमतेम चतुर्थांश वेग देणाऱ्या आणि सतत चालू असणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणण्याचे ठरवले. ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएसवर आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर नेण्यात आली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मार्च २०२४ मध्ये हीच मर्यादा डाउनलोडसाठी १०० आणि अपलोडसाठी, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीसाठी, २० एमबीपीएस ठरवली, हे वाचल्यापासून लेखक भारताच्या मागासलेपणाविषयी चारचौघांत खेदाने बोलू लागला. त्याची स्वतःची जोडणी डाउनलोडच्या बाबतीत अमेरिकन व्याख्येच्या तिप्पट असल्याने हा खेद त्याला बसल्या जागी परवडण्यासारखा होता. भारत संचार निगमच्या ब्रॉडबँडच्या सुरुवातीच्या काळातील एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळातले डाउनलोड हिशेबात धरले जात नसे, त्यामुळे त्या काळी ज्यांच्या खिडकीत ऐन रात्री दोन वाजता दिवा लागे अशा अनेक तरुणांविषयी समोरच्या बिल्डिंगमध्ये अभ्यासू म्हणून मत बनले. लेखकाच्या विद्वत्तेविषयीचा परिसरातील समजही त्याच काळातला असून, तो दूर करण्याचे कारण त्याला आजवर दिसलेले नाही.

आज त्या जागरणाची जागा स्पीड टेस्टने घेतली आहे. जवळच्या एखाद्या सर्व्हरशी काही सेकंद शक्य तितक्या माहितीची देवघेव करून त्या क्षणीचा वेग मोजणे म्हणजे स्पीड टेस्ट. लेखक ही चाचणी राउटरपासून हातभर अंतरावर उभे राहून, घरातल्यांना आपापले फोन फ्लाइट मोडवर टाकायला लावून आणि शक्यतो पहाटे करतो, कारण शास्त्रीय प्रयोगात बाह्य व्यत्यय नसावा असा संकेत आहे. काटा २९० च्या पुढे गेला की त्याचा स्क्रीनशॉट, वर एक अक्षरही न लिहिता, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि पाणीकपातीची सूचना व कोणाची तरी हरवलेली चप्पल यांच्या मध्ये उठून दिसतो. ३०० मेगाबिट म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो आणि फाइलचा आकार बाइटांत, पण जाहिरातीतला वेग बिटांत सांगण्याची व्यापाराची रीत आहे, हे लेखक जाणतो. परंतु आठाने भागलेली प्रतिष्ठा कोणाला हवी असते? मुळात घरची १०० ची जोडणी ३०० ची झाली, तीही वरच्या मजल्यावरील सद्गृहस्थांनी २०० घेतल्याचे त्यांनीच लिफ्टमध्ये सांगितल्यावर.

येथे राउटरच्या घरातील जागेविषयी थोडे विषयांतर आवश्यक आहे, आणि ते थोडे राहणार नाही याची कल्पना वाचकाला आधीच दिलेली बरी. राउटर, म्हणजे बाहेरून आलेली एक जोडणी वायफायच्या रेडिओलहरींनी घरभर वाटणारी पेटी, मराठी मध्यमवर्गीय घरात हॉलमध्ये, दाराजवळ बसते, आणि त्याचे कारण शास्त्रीय नसून वंशपरंपरागत आहे. टेलिफोन दुर्मिळ होता त्या काळी तो दाराजवळच्या स्टुलावर, क्रोशाच्या रुमालाखाली ठेवला जाई, जेणेकरून शेजाऱ्यांना फोन घ्यायला येता यावे आणि आपल्याकडे फोन आहे हे पाहुण्यांना न विचारता कळावे. तार तिथवर आली म्हणून ब्रॉडबँडचा मोडेम तिथे बसला, मोडेम होता म्हणून फायबरची पेटी तिथे आली, आणि ती बसवणाऱ्या तंत्रज्ञाने "साहेब, वायर इथपर्यंतच पुरतेय" असे सांगून या परंपरेवर शिक्कामोर्तब केले. पुढे गृहसजावटीचे शास्त्र कामाला लागले. दिव्यांची उघडझाप करणारी ती काळी पेटी हॉलची शोभा घालवते असे घरातील सर्वोच्च अधिकाऱ्यांचे मत पडल्याने ती आधी टीव्हीमागे आणि मग शोकेसच्या काचेआड, पितळी समई आणि कोणा पाहुण्याने दिलेला संगमरवरी ताजमहाल यांच्या मध्ये गेली; वर क्रोशाचा रुमाल आला, कारण घरात असलेली वस्तू वाया का घालवायची.

वायफायच्या लहरी मुख्यत्वे दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीतून बऱ्यापैकी पार जाते, पण तिच्यात एकमेकांच्या आड न येणारे मार्ग, म्हणजे चॅनल, एक, सहा आणि अकरा असे तीनच; त्या तिघांवर साऱ्या इमारतीचे राउटर गर्दी करतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास त्याच लहरींवर चालत असल्याने कोणी आमटी गरम करायला ठेवली की त्या गर्दीत भर पडते. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान आहे, पण भिंत दिसली की अवसान गाळते. सळ्यांचे काँक्रीट, आरसा, पाण्याचा साठा आणि लोखंडी कपाट हे या लहरींचे प्रमुख शत्रू होत, आणि लेखकाच्या शोकेसपासून मागच्या खोलीपर्यंतच्या सरळ रेषेत ते चारही ओळीने उभे आहेत: आधी पिलर, मग बेसिनवरचा आरसा, मग पाणी दिवसाआड येई त्या काळापासून चालत आलेले पिंप आणि शेवटी लग्नातले कपाट. कपाट हलवण्याचा प्रस्ताव लेखकाने रीतसर मांडला होता. त्यावर "राउटर हलवा, कपाट माझ्या आईने दिलंय" असा निर्णय झाला, आणि राउटर हलवायला वायर पुरत नाही. परिणामी शोकेससमोर २९५ भरणारा वेग मागच्या खोलीत कधी दहा, कधी दोन, तर कधी नुसताच गोल फिरत राहणारा असा होतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

त्या मागच्या खोलीत लेखकाच्या मातोश्री राहतात. घरातील सर्वांत कमी गरज त्यांची: सकाळी पूजा आटोपल्यावर न्यू जर्सीतील नातीशी व्हिडिओ कॉल, ज्याला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, फक्त ते न तुटता मिळावे लागतात. चित्र गोठले की मातोश्रीही हलायच्या थांबतात; आपल्या हलण्यामुळेच ते अडते अशी त्यांची समजूत आहे. चष्मा नाकावर घसरलेला, फोन धरलेला हात अवघडलेला आणि चेहऱ्यावर अर्धवट हसू, अशा त्या बसून राहतात आणि अगदी हळू आवाजात विचारतात, "मी हलत नाहीये गं, दिसतेय का मी?" पलीकडचे उत्तर येईपर्यंत तिकडे झोपायची वेळ झालेली असते. ज्या घरात शेकडो एमबीपीएसचे पैसे भरले जातात तेथे त्यांतले तीन एका म्हाताऱ्या बाईपर्यंत पोहोचू नयेत, ही गोष्ट विनोदी नाही. वेगाची जाहिरात करणाऱ्या कोणत्याही फलकावर या खोलीचा उल्लेख नसतो. एका जादा राउटरने तेथले काम होण्याजोगे आहे; मात्र जादा राउटरचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे उरलेल्या २७० एमबीपीएसकडे वळता येईल. घरोघरी फायबर नेण्याची जीपॉन ही रूढ पद्धत असून, तिच्यात कंपनीच्या केंद्रातून निघालेल्या एका काचतंतूची सुमारे २,५०० एमबीपीएस क्षमता स्प्लिटर नावाच्या वाटपाच्या डबीतून ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते. ३२ घरांना प्रत्येकी ३०० विकले, तरी विक्रीची बेरीज ९,६०० होते. यात लबाडी काही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायनेच, २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी अशा सामाईक वापराचे प्रमाण एकास पन्नासपर्यंत मान्य केले होते. विकलेला वेग वापरला जाणार नाही, या भरवशावरच हा व्यवसाय उभा आहे, आणि तो भरवसा सहसा खोटा ठरत नाही. ग्राहकाची गरज ग्राहकापेक्षा कंपनीला अधिक अचूक ठाऊक असते. ते २७० एमबीपीएस पहाटे स्क्रीनशॉटपुरते येतात आणि एरवी इतर एकतीस घरांच्या उपयोगी पडतात, ज्यांत वरच्या मजल्यावरील सद्गृहस्थही असावेत, ही शक्यता लेखकाला विशेष बोचते.

गरज खऱ्या अर्थाने उघडी पडते ती पेटीवरचा लाल दिवा लागल्यावर. फायबरमधून येणारा प्रकाश थांबल्याची ती खूण असते आणि दिवाळीनंतर रस्ते खोदण्याचा हंगाम सुरू झाला की ती वारंवार दिसते. तक्रार केंद्र प्रथम "राउटर एकदा बंद करून चालू करा" असे सांगते, मग "एरियात फायबर कट आहे, संध्याकाळपर्यंत होईल" असे सांगते, मात्र कोणत्या संध्याकाळपर्यंत, हे सांगत नाही. अखेर आलेला तरुण जिन्यात फतकल मारून बसतो, केसाएवढा काचतंतू स्पिरिटने पुसतो, त्याची दोन टोके हातातल्या यंत्रात समोरासमोर धरतो, इवल्याशा पडद्यावर ती एकमेकांकडे सरकतात, ठिणगी पडते आणि दोन काचांची एक काच होते. "आता लाइट बरोबर येतोय, मायनस एकवीस," असे म्हणून तो दुसऱ्या इमारतीकडे धावतो. बिघाड तीन दिवसांहून अधिक रेंगाळला तर भाड्यात सूट देण्याची तरतूद ट्रायच्या नियमांत आहे. लेखकाच्या बिलात ती आपणहून कधी उतरलेली नाही.

दरांकडे पाहता विनोद आणखी आटतो. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीच्या दरपत्रकात ३० एमबीपीएसला ३९९, १५० ला ९९९ आणि १,००० ला ३,९९९ रुपये असे मासिक आकडे होते. म्हणजे एका एमबीपीएसमागे पहिला ग्राहक तेरा रुपयांहून अधिक, दुसरा पावणेसात आणि तिसरा चार रुपये मोजतो. ज्याचे थोडक्यात भागते त्याला वेग महाग आणि ज्याला मिरवायचे आहे त्याला स्वस्त, अशी ही रचना असून वर १८ टक्के जीएसटी आहे, आणि वर्षाचे पैसे एकदम भरण्याची ऐपत असलेल्याला बहुधा एखादा महिना फुकट मिळतो. प्राथमिक दर्जाच्या ब्रॉडबँडचा मासिक खर्च दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून कमी असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाचे २०२५ साठीचे उद्दिष्ट होते. हीच पट्टी एखाद्या घराच्या मिळकतीला लावली, तर करासह ४७१ रुपयांची सर्वांत लहान जोडणी परवडण्यासाठी त्या घरात महिन्याला साडेतेवीस हजार रुपये यायला हवेत. सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्यांच्या आणि जिने पुसणाऱ्यांच्या घरी ते येतात काय, हा प्रश्न ग्रुपवर कधी निघत नाही. २०२४ मध्ये देशातील ब्रॉडबँड ग्राहक नव्वद कोटींच्या वर गेले होते, पण तारेने जोडलेले त्यांत सुमारे चारच कोटी होते. बाकीच्यांचे इंटरनेट हातातल्या मोबाइलवरचे. मार्च २०२० नंतर शाळा फोनवर आली, तेव्हा अशा अनेक घरांत फोन वडिलांबरोबर कामावर गेला की पोरांची शाळा बुडत असे.

तेव्हा निष्कर्ष असा की ज्यांच्याकडे जोडणी आहे त्यांचा वेग गरजेहून बराच जास्त आहे, त्यांच्या वाट्याचे सातत्य गरजेहून बरेच कमी आहे, आणि ज्यांना गरज सर्वाधिक आहे त्यांच्यापर्यंत दर अजून खाली आलेले नाहीत. यावर लेखकाची सूचना अशी की दरपत्रकावर वेगाच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, गेल्या वर्षभरात त्या भागातील जोडणी किती तास बंद होती हे छापणे सक्तीचे करावे. त्यामुळे ग्राहक शहाणा होईल अशी आशा लेखकाला नाही, स्वतःच्या उदाहरणावरून तर मुळीच नाही. मात्र मिरवण्याची हौस शाबूत आहे आणि तिच्यावर निर्धास्त विसंबता येते. मग ग्रुपवर "गणपतीपासून एकदाही लाल दिवा नाही" असा संदेश पडेल, तो वाचून इतरांचा जळफळाट होईल, त्या जळफळाटाला भिऊन कंपन्या रस्त्याखालच्या तारांची काळजी घेऊ लागतील, आणि वरच्या मजल्यावरील सद्गृहस्थ आपली जोडणी आषाढी एकादशीपासून अखंड चालू असल्याचे लिफ्टमध्ये, कोणी न विचारता, सांगतील.