हळू आवाजाचा तास

बालवाडीतल्या मुलांना मोठा आवाज आणि हळू आवाज यांतला फरक शिकवायचा होता. आमची सून तिथे शिकवते. त्या दिवशी तिला कसलेसे तक्ते भरून द्यायचे होते, म्हणून तिनं अर्ध्या तासासाठी माझी नेमणूक केली. सोसायटीच्या सभेत मला माइक देत नाहीत. लागतच नाही म्हणून.

मी मात्र जय्यत तयारी केली. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत ध्वनिपेट्या असतात. सहा लाल, सहा निळ्या. कानाशी हलवून लाल पेटीची निळी जोडीदारीण शोधायची, मग आवाजाच्या चढउतारानं सगळ्या ओळीत लावायच्या. विकत घ्यायच्या तर महाग. पण ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया असलं आसपास मिळणारं साहित्यच वापरलं होतं. त्यांचा दाखला देत मी स्वयंपाकघरात शिरलो आणि औषधाच्या रिकाम्या डब्यांत हरभरे, तूरडाळ, साबुदाणा, रवा भरला. ‘ताराबाईंनी ओट्यावर एवढा रवा सांडला नसता,’ असं ही म्हणाली, ते सोडून देऊ.

सोबत मोबाइलवर डेसिबल मोजणारं ॲपही घेतलं. शांतता क्षेत्रात दिवसाची कायदेशीर मर्यादा ५० डेसिबल. वर्गात शिरून मी ‘नमस्कार मुलांनो’ म्हणालो आणि आकडा ८० वर गेला. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे नुसत्या नमस्कारातच मी मर्यादा हजारपटीनं ओलांडली होती.

डब्या छान चालल्या, हे सांगितलंच पाहिजे. लाल रिबिनवाल्या एका मुलीनं रव्याची डबी कानाशी धरली, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, ‘आजोबा, ह्यात मुंग्या चालतायत.’ एवढ्यावर तास संपवला असता तर मी आज शिक्षणतज्ज्ञ म्हणून मिरवलो असतो. पण एकानं मुंग्या बघायला झाकण उघडलं, मग सगळ्यांनाच आपापली झाकणं उघडावीशी वाटली.

सगळं भरून झाल्यावर मी स्टीलची थाळी आणि डाव काढला. थाळी जोरात वाजली की उभं राहायचं, हळू वाजली की खाली बसायचं. पोरं हुशार, दोन मिनिटांत तरबेज झाली. शेवटी सगळी उभी असताना मी थाळी खाली ठेवून म्हणालो, ‘शाब्बास! आता बसा!’

कुणी हललं नाही.

‘अरे, बसा!’

तशी ती चवड्यांवर उभी राहिली. ‘खेळ संपला!’ असं जाहीर केलं, तर काहींनी हातही वर केले. शेजारच्या वर्गाच्या बाई दारात आल्या. त्याही उभ्याच.

मग म्हटलं, कुजबुजून बघू. स्वरतंतू न थरथरवता नुसत्या श्वासावर बोललं की कुजबूज होते, असं शास्त्र सांगतं. माझ्या कुजबुजीत श्वास तेवढा वाढतो, आवाज फारसा कमी होत नाही. ‘बसा,’ मी कुजबुजलो. सगळा वर्ग गुडघ्यांत वाकला आणि मध्येच थांबला. बसावं की उठावं, अशा बेतात ती चिमुरडी थरथरत राहिली. मध्यम आवाज मी शिकवलाच नव्हता, तो त्यांनी स्वतःच्या अकलेनं ओळखला.

तेवढ्यात सून आली. तिनं परिस्थिती पाहिली, थोडी वाकली आणि ओठ जेमतेम हलवून म्हणाली, ‘बसा.’ सगळे बसले. मीसुद्धा.

घरी येताना मी गप्प होतो. ‘बाबा, मुलं अगदी बरोबर शिकलीत हं,’ ती म्हणाली. सासऱ्याची समजूत काढत असावी, असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात पालकसभेत मुलं हाच खेळ करून दाखवणार आहेत. बाईंचा निरोप आलाय, हळू आवाजासाठी रव्याची डबी तेवढी पाठवा. थाळी आणू नका, तुम्ही स्वतः या.