सॉलिड टॉपचे सोवळे

रोज वाजवायला एक चांगली अकूस्टिक गिटार घ्यायची, एवढाच संकल्प असतो. पण पहिली कॉर्ड जमण्याआधीच गिऱ्हाईक लाकडाचे जाणकार होते. पुढची फळी स्प्रूसची की सीडरची, मागची रोझवूडची की महोगनीची? सोयरीक जुळवतानाही इतकी चौकशी होत नाही. शेवटी घरी येते ती बहुधा ड्रेडनॉट. मार्टिन कंपनीने १९१६ साली डिटसन या विक्रेत्यासाठी काढलेला हा आकार. नाव ब्रिटिश युद्धनौकेचे. वन-बीएचकेत रात्री अकराला वाजवायला अगदी साजेसे!

याउलट अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनने १९६९ मध्ये मार्टिनची एन-२० घेतली, तीही न पाहता. नायलॉन तारांची, बोटांनी वाजवायची. गडी ती पिकने झोडपत राहिला. फळीला भोक पडले, पण गिटार बदलली नाही.

सॉलिड टॉपला, म्हणजे अस्सल लाकडाच्या पुढच्या फळीला, पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते, हे जुलैतल्या मुंबईला कोण सांगणार? फळी फुगते, ब्रिजमागे पोट सुटते, तारा उचलल्या जातात आणि एफ कॉर्ड धरताना तर्जनी रडकुंडीला येते.

तेव्हा दुकानात बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तार किती उंच आहे ते आधी पाहा. तीन मिलिमीटरच्या वर असेल, तर सेटअप करून मागा. लाकडाचे नंतर बघू.