माशाचं आजारपण

आमच्या ठाण्याच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आली त्याच दिवशी सासूबाईंनी हिशेब मांडला होता, "इतक्या पैशांत किती सरंगे इले असते!" सासूबाई मालवणच्या. पोहणारा मासा म्हणजे अर्धवट टाकलेलं काम, असं त्यांचं मत. त्यामुळे निळ्या टँगच्या अंगावर पांढरे ठिपके उठले तेव्हा पहिलं निदानही त्यांनीच केलं, "ह्येका मीठ कोणी लावल्यान?"

मासा दगडाला अंग घासत होता, कल्ले भराभर हलत होते. नवऱ्याचा चेहरा माझ्या अपेंडिक्सच्या वेळीही इतका उतरला नव्हता. रोगाचं नाव क्रिप्टोकॅरिऑन. या एकपेशीय परजीवीचं बारसं ब्राउन नावाच्या संशोधकाने १९५१ साली केलं. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय उघडलं तेही १९५१ सालीच. नवऱ्याला या योगायोगाचं भारी अप्रूप. माशाला काही नव्हतं.

हा परजीवी महालबाड. चार-सहा दिवस माशाच्या कातडीखाली बसून जेवतो, मग आपणहून उतरतो आणि तळाशी कोष करून बसतो. ठिपके गेले, मासा टुणटुणीत, घरात आनंदीआनंद. मग कोष फुटतात, एकेकातून पिल्लं शेकड्यांनी सुटतात. दिवसा-दोन दिवसांत मासा गाठला नाही तर ती मरतात म्हणे. पण काचेच्या टाकीत मासा जाऊन जाऊन जाणार कुठे? औषध चालतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवरच. कातडीखालचे आणि कोषातले खुशाल असतात.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एका दुकानदाराने लाल-पांढऱ्या पट्ट्याची क्लीनर कोळंबी गळ्यात मारली. ती म्हणे ठिपके वेचून खाते. कातडीखालचं ती काय वेचणार? कोळंबी आली हे ऐकून सासूबाई मात्र लगबगीने बाहेर आल्या, संख्या बघून परत गेल्या. कुणी सांगितलं, खाद्याला लसणाचा रस चोळा. त्याने मासा दोन घास जास्त खातो, परजीवीचं काही बिघडत नाही. पण मीठ झालं, लसूण झाली. कोकम आणि रवा तेवढा राहिला होता.

खरा उपाय तांबं. "मगे माझ्या तांब्यातला पाणी घाल," सासूबाई म्हणाल्या. तसं चालत नाही. आमच्या बाटलीतलं औषध लिटरला दोन मिलिग्रॅम तांब्याच्या आसपास ठेवावं लागतं. कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा जातो. आणि कोळंबी, प्रवाळ, गोगलगायी तर तांब्याने हमखास जातात. म्हणून सगळ्या माशांची रवानगी वेगळ्या टाकीत. तिच्यात वाळू नाही, दगड नाहीत, कारण तेही तांबं शोषतात. लपायला प्लंबरकडचे पीव्हीसीचे एल्बो. टाकी ठेवायला जागा एकच, सासूबाईंच्या खोलीतलं बाथरूम.

रोज रात्री तिथे तपासणी. नवरा काचेच्या नळीत थेंब मोजणार, नळी हलवणार, ट्यूबलाइटखाली रंगांच्या कार्डाला लावून मला विचारणार, "हा हिरवट की निळसर?"

"रामा."

"कार्डावर रामा नाहीये."

"मग मोरपंखी. पण काठाकडे जरा फिका."

माणसाच्या औषधाचे डोस असे ठरत नाहीत हे आपलं नशीब.

शिवाय आजींबरोबर गेलेलं सोवळं घरात परत आलं. या टाकीची जाळी त्या टाकीला शिवायची नाही, बादल्या वेगळ्या, हात कोपरापर्यंत धुऊन पुसायचे. ओल्या हाताच्या थेंबातून रोग जातो. मुख्य टाकी मात्र ७६ दिवस माशांविना ठेवायची, म्हणजे कोष फुटून पिल्लं उपाशी मरतात. दिवे चालू, पंप चालू, विजेचं बिल चालू. पाहुणे विचारत, "मासे कुठायत?"

"बाथरूममध्ये."

"आणि यात काय आहे?"

"यात रोग आहे," नवरा अभिमानाने सांगे.

टँग बरा झाला. मासे वाजतगाजत हॉलमध्ये परतले. सासूबाई टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमच्या दाराशी उभ्या राहिल्या. नवरा आत टाकी पुसत होता. "ही इथेच राहू दे, आई. यापुढे नवा मासा आला की आधी महिनाभर इथे ठेवायचा, मग बाहेर."

"आणि माका खंय ठेवतलंस?"